नवतपा, कूलरचं पाणी आणि गच्चीवरच्या कुंड्या

गच्चीवाली

नमस्कार मंडळी. नवतपा (२५ मेपासूनचे ते तापते नऊ दिवस) लागायला अजून आठवडा आहे आणि पारा आत्ताच ४५ ला टेकलाय. आम्ही नागपूरला प्रतापनगरात, वरच्या मजल्यावर. म्हणजे स्लॅब थेट आमच्याच डोक्यावर तापतो. रात्री जेवणं आटोपली तरी भिंतीला पाठ टेकवत नाही.

गच्चीवर कुंड्या आहेत: मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, कागदी लिंबू, सासूबाईंची तुळस आणि हौसेने लावलेले टोमॅटो. खाली हॉलमध्ये बंडू (लॅब्राडोर) आणि एक मांजर, जी आमची नाही पण मुक्काम आमच्याकडेच असतो. कूलर एकच. त्याच्यासमोरची फरशी बंडूने बळकावली आहे, माणसांनी उरलेल्या वाऱ्यात बसायचं.

आता मुद्दा. कूलरची टाकी रिकामी करते तेव्हा बादल्याच्या बादल्या पाणी निघतं. ते कुंड्यांना घालावं की नाही यावरून घरात दोन पक्ष पडलेत. सासूबाई म्हणतात, पाण्याच्या टंचाईचे दिवस, पाणी ते पाणी. नवरा म्हणतो, त्या पाण्याला वास येतो, झाडं मरतील. तुम्ही काय करता? शिवाय शेजारच्या काकू रोज सांगतात की बंडूचे केस पार उडवून टाक, त्याला बरं वाटेल. हे खरं का?

वऱ्हाडी_ठेचा

ताई, काहून घाबरून राहिल्या एवढ्यात? उन्हाया अजून पुरा लागाचा हाय. नवतपा तपलाच पायजे. मधातच पाऊस येऊन नवतपा गयला, का मंग मिरगात आभायाकडे पाहत बसा. आमचे बुडे तर २५ मे लागला का रोज सायंकाळी हिशेब करत, आज किती तपलं म्हणून.

पाण्याचं म्हणाल तं आमी बिनधास्त घालतो झाडाले. काही होत नाही.

पान्हा_स्क्रूड्रायव्हर

काही होत नाही असं नाही भाऊ, हळूहळू होतं.

कूलर हवा थंड करतो म्हणजे काय करतो? ताट्यांवरचं (बाजूच्या गवती जाळ्यांवरचं) पाणी हवेत उडवतो. उडताना ते हवेतली उष्णता घेऊन जातं. पण उडतं ते निव्वळ पाणी. त्यातले क्षार टाकीतच राहतात. तुम्ही रोज वरून नवीन पाणी ओतता, ते आपले नवीन क्षार घेऊन येतं, पुन्हा फक्त पाणी उडतं. आठवड्याच्या शेवटी टाकीत जे उरतं ते तुमच्या नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी जड झालेलं असतं. बोअरचं पाणी भरत असाल तर विचारूच नका. ताट्यांवर जो पांढरा खरखरीत थर बसतो तो हाच. पंपाची जाळी बुजते तीही यानेच. कुणाकडे टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) असेल तर आधी नळाच्या पाण्यात बुडवा, मग टाकीच्या तळाच्या पाण्यात बुडवा, घरातला वाद तिथेच मिटेल.

अवांतर: बरेच लोक कूलर लावून सगळी दारं-खिडक्या बंद करतात आणि मग 'हा कूलर थंडच करत नाही' म्हणतात. समोरची एक खिडकी उघडी ठेवा. ओली हवा बाहेर गेली नाही तर नवीन पाणी उडणार कुठे? आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत असते म्हणून कूलर एवढा चालतो. जूनमध्ये ढग आले की हाच कूलर नुसती चिकचिक करतो, त्यात त्याचा दोष नाही.

निवृत्त_माळी

पान्हासाहेबांनी बरोबर सांगितलं. मी त्यात झाडाच्या बाजूने भर घालतो.

कूलरचं पाणी जमिनीत लावलेल्या मोठ्या झाडाला घातलं तर फारसं बिघडत नाही. कडुनिंब, बोगनवेल, कण्हेर यांना चालतं. पावसाळा आला की क्षार धुपून खाली जातात. कुंडीत मात्र त्यांना जायला वाट नसते. पाणी उडतं, क्षार साठतात, आणि काही आठवड्यांनी पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळायला लागतात. आपण म्हणतो लू (उन्हाची गरम झळ) लागली, आणि अजून पाणी घालतो. लिंबू या बाबतीत फार नाजूक. तेव्हा गच्चीवरच्या कुंड्यांना ते पाणी नको, निदान लिंबाला तरी अजिबात नको. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणीही त्याच रांगेत.

गच्चीवाली ताई, तुमच्या कुंड्यांत माती कोणती आहे? आपली काळी असेल तर एक गोष्ट उद्या सकाळी करून बघा. पाणी घालताना कुंडीच्या कडेला नीट पाहा. काळी माती वाळली की आकसते, शेतात भेगा पडतात तशीच कुंडीतही ती कडेपासून सुटते. मधे ढेकूळ आणि भोवती बोटभर फट. तुम्ही तांब्याने पाणी ओतता, ते त्या फटीतून सरळ खाली जातं, तळाच्या भोकातून बाहेर येतं, आणि आपल्याला वाटतं झाड पोटभर प्यालं. मधे काडी खुपसून बाहेर ओढून बघा, ढेकूळ आतून कोरडंच असतं. मुळं त्या ढेकळात आहेत.

उपाय सोपा. मोठ्या टबात पाणी घ्या आणि कुंडी त्यात बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मग वरची माती खुरपून फट बुजवा, त्यात शेणखत आणि थोडं कोकोपीट मिसळा आणि वरून वाळलेल्या पाल्याचा जाडसर थर द्या. कडुनिंबाचा वाळलेला पाला रस्त्याकडेला मिळतो, लोक तो जाळतात.

गच्चीवाली

काका, काळीच माती आहे. आत्ताच वर जाऊन आले. जास्वंदीच्या कुंडीत अख्खं बोट गेलं कडेने!

टोमॅटोला फुलं भरपूर येतात पण सगळी गळतात. तेही क्षारांमुळे का?

निवृत्त_माळी

नाही, ते उन्हामुळे. दिवसाचं तापमान ३५ च्या वर गेलं की टोमॅटोचे परागकण निकामी होतात, मग फळ धरणार कुठून. त्याच्यावर खत-औषध मारू नका. काढून टाका आणि भेंडी, गवार, चवळी लावा, ही मंडळी आपल्या उन्हाला जुमानत नाहीत. कोथिंबीर सावलीत लावली तर थोडीफार येते, उन्हात लगेच फुलावर जाते.

ग्रीन नेट लावणार असाल तर ५० टक्के सावली देणारी पुरे. ती झाडांवर पांघरू नका, डोक्याच्या वर ताणून बांधा म्हणजे खालून वारा खेळतो. मोगऱ्याला नेटखाली ठेवू नका, त्याला ऊन हवंच. मोगरा सावलीत गेला की नुसती पानं देतो.

आणि दुपारी पानं माना टाकतात म्हणून धावत जाऊन पाणी घालू नका. उन्हात मुळं पाणी ओढायला कमी पडतात म्हणून पानं मिटतात, संध्याकाळी आपोआप उठतात. सकाळी उठूनही माना टाकलेल्याच असतील तर मात्र ती तहान. पाणी सकाळी सातच्या आत नाहीतर दिवे लागणीनंतर. पाइपाने घालत असाल तर आधीचं पाणी बादलीत सोडा, उन्हात पडलेल्या पाइपातलं पाणी चहा टाकण्याजोगं असतं.

पुण्याची_सून

लग्न होऊन नागपुरात आले तो पहिला उन्हाळा आठवतोय. पुण्यात ४० झालं की पेपरात पहिल्या पानावर बातमी असते. इथे ४४ ला सासरे म्हणाले, 'आज जरा बरं आहे.'

एक शंका. दोनेक वर्षांपूर्वी नागपुरात ५६ अंश झाल्याचं सगळीकडे फिरलं होतं. माझ्या आईने पुण्यातून घाबरून फोन केला होता. ते खरं होतं का?

पान्हा_स्क्रूड्रायव्हर

खरं नव्हतं. ते २०२४ च्या मे अखेरचं. शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवलं होतं, नंतर हवामान खात्यानेच सांगितलं की सेन्सर बिघडला होता. अधिकृत नोंद म्हणाल तर नागपूरचा उच्चांक ४७.९, तारीख २३ मे २०१३. आणि हे तापमान सावलीतलं, हवेचं. गाडीच्या सीटवर किंवा गच्चीच्या फरशीवर मोजाल तर कुठलाही आकडा येईल. लोक मोबाइलवर उन्हात ठेवलेल्या थर्मामीटरचे फोटो टाकतात त्याला काही अर्थ नाही.

चारपायी_डॉक्टर

कुत्र्यांचं मी सांगते, काकूंचं ऐकू नका.

लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, पॉम यांना दोन थरांचे केस असतात. आतला मऊ, बाहेरचा राठ. तो कोट थंडीत ऊब देतो तसाच उन्हाळ्यात बाहेरची उष्णता कातडीपर्यंत येऊ देत नाही. वस्तरा फिरवलात तर तो आडोसाच गेला, वरून उन्हाने कातडी भाजते. रोज ब्रश करून सुटलेले केस काढा, तेवढं बस.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडासा पंज्यांतून येतो, बाकी सगळं काम जीभ बाहेर काढून धापण्यावर. म्हणून पग, बुलडॉग या चपट्या नाकाच्या जाती आपल्या हवेत फार हाल सोसतात. ज्यांना नागपुरात कुत्रा आणायचाय त्यांनी हौसेआधी नाकाकडे बघावं, हे माझं स्पष्ट मत. हस्कीबद्दल तर मी बोलतच नाही.

फिरायला पहाटे न्या, नाहीतर रात्री नऊनंतर. संध्याकाळी सहाला ऊन गेलेलं असतं पण सिमेंटचा रस्ता गेलेला नसतो. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवा. तुम्हाला थोडा वेळही धरवत नसेल तर त्याचे पंजे का भाजायचे?

उष्माघाताची लक्षणं: घट्ट चिकट लाळ, हिरड्या गडद लाल, उलटी, झोकांड्या. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०५ च्या वर गेलं की जिवावरचं काम. सावलीत घ्या, पोट, काखा, पंजे पाण्याने भिजवा, पंखा लावा आणि भिजवत भिजवतच दवाखाना गाठा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका. आणि इथली खास अडचण: दुपारी टाकीचा नळ सोडला तर कढत पाणी येतं. म्हणून सकाळीच बाथरूममध्ये एक बादली भरून झाकून ठेवा.

मांजर तोंड उघडून धापायला लागली तर वाट बघू नका, लगेच निघा. मांजरी सहसा असं करत नाहीत.

महालची_आजी

सगळ्यांचं वाचते आहे. माझ्या नातवाने हे अॅप टाकून दिलंय.

आमच्या वाड्यात कूलर नव्हता. भिंती हातभर जाड, दारात वाळ्याच्या ताट्या, त्यावर दुपारभर पाणी शिंपडायचं काम पोरांकडे. संध्याकाळी गच्ची धुवायची आणि रात्री सगळं घर वर, ओळीने गाद्या. पाहुणे आले तरी जागा कमी पडत नसे. आता गच्चीवर कुंड्या आणि टाक्या, माणसं खाली एसीत.

या उन्हाला शिव्या देता, पण कुरडया याच उन्हात होतात बरं. चीक शिजवून सकाळी आठाच्या आत सोऱ्याने घातल्या की संध्याकाळपर्यंत अर्ध्या वाळतात. तुमच्या पुण्या-मुंबईत चार दिवस उलटपालट करत बसावं लागतं. माझ्या सुनेला म्हटलं यंदा घालू, तर म्हणते जागा कुठे, सगळी गच्ची अडेनियमने अडवलीय. तिचं ते अडेनियम खाता येतं का?

बाहेर जाताना खिशात कांदा ठेवा, घरी आल्यावर भाजलेल्या कैरीचं पन्हं प्या. कुत्र्यालाही जेवणात थोडा कांदा घालावा, लू लागत नाही.

चारपायी_डॉक्टर

आजी, बाकी सगळं मान्य, पण कुत्र्या-मांजरांना कांदा नको हं. कच्चा नको, शिजवलेला नको, भाजीच्या रश्श्यातलाही नको. कांद्याने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लसणाचंही तेच. लगेच दिसत नाही, दोन-चार दिवसांनी जनावर मलूल होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, आणि मालक म्हणतात ऊन लागलं. उन्हाळ्यात असे रुग्ण येतात माझ्याकडे. बिनमिठाचं पातळ ताक चालतं, दहीभात चालतो, कलिंगड बिया काढून चालतं. द्राक्षं आणि मनुका नकोत.

आणि आंब्याची कोय! बेगमपल्लीचा रस काढला की कोयींचं पातेलं जमिनीवर राहतं. लॅब ती सबंध गिळतो. आतड्यात अडकली की ऑपरेशनच.

महालची_आजी

बरं बाई. कांदा नाही घालत. कोय मात्र आमचा मोती पूर्वी चाटून सोडायचा, गिळायचा नाही. शहाणा होता.

टाकळीचा_बगळा

पाखरांचं कुणी बोलेना म्हणून मी.

मातीचं उथळ परळ घ्या, सावलीत ठेवा, पाणी रोज बदला. मधे एक खडबडीत दगड ठेवा, पाण्याच्या वर डोकावेल असा. त्याच्यावर मधमाश्या बसतात, नाहीतर बुडून मरतात. आमच्याकडे सकाळी बुलबुल आणि साळुंक्या येतात, दुपारी कावळा येऊन त्यात पोळीचा तुकडा भिजवून खातो आणि पाण्याची घाण करून जातो. त्याला इलाज नाही.

झाडाखाली घार किंवा घुबड निपचित पडलेलं दिसलं तर चोचीत पाणी ओतू नका. खोक्यात अंधारात ठेवा आणि सेमिनरी हिल्सच्या वनविभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला कळवा. आणि पिंजऱ्यात राघू पाळलेला असेल तर त्याला कूलरसमोर ठेवू का हे मला विचारू नका, तो पाळणंच १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे.

@गच्चीवाली, कूलरची टाकी नुसती रिकामी करू नका, आतून घासा. डेंग्यूचा डास अंडी पाण्यावर नाही, पाण्याच्या कडेला भिंतीवर चिकटवतो. ती कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. नुसतं पाणी बदललं की त्यांची सोयच होते.

आळशी_वाचक

+१. घासायला कोण जाणार हा आमच्या घरातला वाद.

पान्हा_स्क्रूड्रायव्हर

घासायला जो जाईल त्याने आधी प्लग काढावा. बटण बंद नव्हे, प्लग बाहेर. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या शॉकने माणसं जातात. लोखंडी बॉडी, ओली फरशी, अनवाणी पाय, आणि अर्थिंग फक्त नावाला. माझ्या घरी एका वायरमनने तिसऱ्या पिनची वायर बोर्डात नुसती गुंडाळून ठेवली होती, जोडलीच नव्हती. टेस्टर लावला म्हणून कळलं. ज्यांच्या घरी जनावर कूलरला चिकटून झोपतं त्यांनी तर हे आजच तपासा. तुम्ही चप्पल घालून असता, तो ओल्या फरशीवर पोट टेकून असतो. आणि बोर्डावर आरसीसीबी (वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या, खर्च फार नाही.

गच्चीवाली

बाप रे. नवऱ्याला लगेच टेस्टर घेऊन पाठवलं. अर्थिंग ठीक आहे, बंडूला मात्र त्याच्या जागेवरून उठवल्याचा राग आलाय.

तर ठरलं असं. कूलरचं पाणी फाटकाजवळच्या कडुनिंबाला. सासूबाईंचं म्हणणं, त्यातलं थोडं रात्री गच्चीवर शिंपडू, स्लॅब तरी निवेल. हे कसं वाटतं?

पान्हा_स्क्रूड्रायव्हर

शिंपडा, पण सूर्य मावळल्यावर. पाच वाजता शिंपडलं तर क्षणात वाफ होते आणि स्लॅब पुन्हा तापतो. खरा फरक चुन्याने पडतो. गच्चीवर पांढरा चुना दोन हात मारा, ऊन परत फिरतं. स्लॅबला आत शिरलेली उष्णता रात्रभर खाली सोडायची सवय आहे, तेव्हा ती शिरूच न देणं स्वस्त पडतं.

पुण्याची_सून

लिंबाबद्दल विचारायचं राहिलं. आमच्या काटोलच्या नातेवाइकांनी संत्र्याच्या बागेचं पाणी मुद्दाम तोडलंय. मी कुंडीतल्या लिंबालाही तसाच ताण देऊ का? मृगाला फुलं येतील?

निवृत्त_माळी

नको. ते मृग बहार धरतात. उन्हाळ्यात झाडाला ताण द्यायचा, पाऊस पडला की ते एकदम फुलावर येतं आणि फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतं. पण त्यांची झाडं जमिनीत आहेत, मुळं खोल आहेत, आणि ताण किती द्यायचा ते त्यांना पानं बघून कळतं. कुंडीतलं लिंबू या उन्हात तीन दिवसांत वाळून काडी होईल. त्याला पाणी द्या, आच्छादन करा, दुपारची सावली द्या. आत्ता वाटाण्याएवढी फळं गळत असतील तर गळू द्या, उन्हात झाड स्वतःचा भार कमी करतं.

पानांच्या खालून बारीक जाळं दिसलं तर ते लाल कोळी. कोरड्या हवेत फार माजतात. पानं खालच्या बाजूने पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, दोन-तीन दिवसांआड. बहुतेक वेळा औषधाची गरज पडत नाही.

चारपायी_डॉक्टर

कोळ्यांवरून आठवलं, गोचिडांकडेही लक्ष असू द्या. या दिवसांत एकदम वाढतात. नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही, तपकिरी गोचीड भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, कूलरच्या स्टँडखाली चढून बसते. कान, बोटांच्या बेचक्या रोज बघा. ताप आणि मलूलपणा दिसला तर रक्त तपासून घ्या.

आळशी_वाचक

हा धागा वाचून मी टाकी घासली. बायकोने फोटो काढून ठेवलाय पुरावा म्हणून.

महालची_आजी

शाबास. माझ्या सुनेने आज सकाळी अडेनियमच्या कुंड्या भिंतीशी सरकवल्या. उद्या चीक.

वऱ्हाडी_ठेचा

आजी, जरा थांबा. हिंगण्याकडून आभाय भरून येऊन राहिलं, वारा सुटला, धुया उडून राहिला. ज्यायच्या आजच कुरडया गच्चीवर हायेत त्याईनं पहिले त्या उचला, धागा मंग वाचा. नेट ढिल्ली बांधली असन तं तेही पाहा. आमची तं लाइन गेलीच.